प्रिंटर का अडला? : एका बिघाडाचा तपास

दहावीचा निकाल लागून चार दिवस झाले होते. अकरावीच्या प्रवेशासाठी मुलांना शाळा सोडल्याचे दाखले हवे होते, आणि आमच्या शाळेच्या कार्यालयातला प्रिंटर नेमका त्याच सकाळी अडून बसला. दिवा जळत होता, आतला पंखा फिरत होता, ट्रेमध्ये कागद होता. पण पान काही बाहेर येईना. भाऊसाहेबांनी (आमच्याकडे शाळेच्या लिपिकांना भाऊसाहेब म्हणतात) छापण्याची आज्ञा पुन्हा पुन्हा दिली, बटण बंद करून चालू केले, कागदाचा गठ्ठा झटकून परत भरला. शेवटी ते म्हणाले, "सर, याचं वय झालं. निर्लेखन करून टाकू." निर्लेखन म्हणजे जडवस्तूंच्या नोंदवहीतून वस्तूचे नाव कमी करून ती भंगारात देणे. बाहेर व्हरांड्यात पालकांची रांग लागलेली होती.

प्रिंटर जुना होता हे खरे. पण 'वय झाले' हे बिघाडाचे कारण होऊ शकत नाही. बिघाड म्हणजे यंत्रातला एखादा विशिष्ट भाग विशिष्ट कारणाने आपले काम करीत नाही. तो भाग कोणता हे सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर आपण बिघाड शोधलेला नाही, फक्त यंत्रावर रागावलो आहोत. प्रयोगशाळेत बसलेल्या दहावीच्या दोन विद्यार्थिनींना मी बरोबर घेतले आणि आम्ही तिघे कार्यालयात गेलो. त्या दुपारी जे घडले ते येथे क्रमाने सांगतो. तुमच्या शाळेतला प्रिंटर निराळा असेल, पण तपासाची रीत तीच राहील.

प्रथम आमची सामग्री पाहा. प्रिंटर लेसर जातीचा, काळ्या शाईभुकटीचा, वर एका ओळीची अक्षरपट्टी असलेला. संगणकही प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला. त्याची स्मृती अपुरी म्हणून त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली चित्रमय पडद्याविना बसवलेली. म्हणजे खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत, माउस नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे. कळफलकावर आज्ञा टंकायची, एंटरची कळ दाबायची आणि उत्तर वाचायचे. दोघांना जोडणारी केबल जुन्या समांतर पद्धतीची : संगणकाच्या बाजूला २५ टाचण्यांचा जोड, प्रिंटरच्या बाजूला ३६ संपर्कांचा. ही पद्धत सेंट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीच्या प्रिंटरबरोबर १९७० च्या सुमारास आली आणि तीस वर्षे टिकली. तिच्यात आठ तारा एका अक्षराचे आठ बिट एकाच वेळी वाहून नेतात. आणखी काही तारा निरोपाच्या असतात. 'अक्षर ठेवले आहे, उचल' असे सांगणारी एक संगणकाकडून प्रिंटरकडे जाते. 'थांब, मी कामात आहे' आणि 'कागद संपला' असे सांगणाऱ्या प्रिंटरकडून संगणकाकडे येतात.

काळ्या पडद्याचा संगणक पाहून मुली जरा हिरमुसल्या. मला मात्र तो तपासाला सोयीचा वाटतो. चित्रमय पडद्यावर तुम्ही 'छापा'चे बटण दाबता आणि मधले सर्व टप्पे पडद्याआड घडतात. आज्ञा टंकून काम करताना प्रत्येक टप्प्याला वेगवेगळा प्रश्न विचारता येतो. इतकेच काय, प्रिंटरकडे एकच अक्षर पाठवून तो काय करतो हेही पाहता येते.

फळ्यावर आम्ही साखळी मांडली. दाखल्याची फाइल, तिचे प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करणारी आज्ञावली, छपाईची रांग, संगणकाचे बंदर, केबल, प्रिंटरचे बंदर, प्रिंटरमधला छोटा संगणक, आणि शेवटी कागद ओढून छापणारी यंत्रणा. आठ दुवे झाले. एका टोकापासून एकेक दुवा तपासत गेलो तर वाईट नशिबात सात चाचण्या कराव्या लागतील. त्याऐवजी साखळी मधोमध तोडली तर? पुढचे चार दुवे एकदम तपासून निर्दोष ठरले, तर दोष उरलेल्या चारांत. त्यांचे पुन्हा दोन भाग, मग पुन्हा दोन. दोनाचा तिसरा घात आठ होतो, म्हणून तीन चाचण्या पुरतात. रेडिओ दुरुस्त करणारे जुने कारागीर सर्किटच्या मध्यावर प्रथम तपासणी करीत, ते याच हिशोबाने. दोष एकाच जागी असेल तरच हा हिशोब जुळतो, हे मात्र लक्षात ठेवा. आमची त्या दिवशी थोडी फसगत व्हायची होती.

पहिला घाव केबलवर. केबल काढली, प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला आणि त्याच्याच बटणांनी स्वतःचे चाचणीचे पान छापायला सांगितले. बहुतेक कार्यालयीन प्रिंटरांत ही सोय असते. कोणते बटण किती वेळ दाबायचे ते पुस्तिकेत दिलेले असते. पान सुरेख आले. अक्षरे काळीभोर, कडा स्वच्छ. म्हणजे शाईभुकटी, ढोल, लेसर, कागद ओढणारे रूळ, भुकटी वितळवून चिकटवणारा तप्त रूळ आणि प्रिंटरमधला छोटा संगणक हे सारे ठणठणीत होते. ज्याचे निर्लेखन व्हायचे होते तो आरोपी पाच मिनिटांत जवळजवळ सुटला! त्या पानावर प्रिंटरने आपली माहितीही छापली होती. त्यातल्या दोन नोंदी मुलींनी वहीत उतरवून घेतल्या : कागद – ए४; स्मृती – २ मेगाबाइट. त्या पुढे कामाला आल्या.

केबल पुन्हा जोडली. दोन मिनिटे 'तयार' असे दाखवणाऱ्या अक्षरपट्टीवर लगेच निराळे शब्द उमटले : 'पीसी लोड लेटर'. भाऊसाहेब म्हणाले, "सकाळपासून हेच म्हणतोय. पीसी म्हणजे संगणक, लेटर म्हणजे पत्र. संगणकात पत्र भरा असं सांगतोय का?" आम्हीही तेवढेच समजलो. तो संदेश तसाच ठेवून संगणकाकडे वळलो.

लिनक्समध्ये छपाईची कामे सांभाळणारी कप्स नावाची आज्ञावली १९९९ पासून प्रचारात आहे. तिच्याशी बोलण्याच्या आज्ञा लहान आहेत. येथे त्यांची नावे नागरीत देत आहे. टंकताना अर्थातच रोमन लिपीतली छोटी अक्षरे वापरायची. 'एलपीस्टॅट -टी' ही आज्ञा सर्व रांगांची स्थिती सांगते. उत्तर आले : एक काम चालू, तेरा कामे प्रतीक्षेत. चौदाही एकाच विद्यार्थ्याच्या दाखल्याची! प्रत्येक वेळी आज्ञा देऊन भाऊसाहेबांनी एकेक प्रत रांगेत उभी केली होती. प्रिंटर बंद करून चालू केला तरी रांग संगणकात असते, ती पुसली जात नाही. प्रिंटर जागा झाला की पहिले काम पुन्हा त्याच्या गळ्यात. म्हणून अडलेला प्रिंटर मोकळा करताना क्रम पाळावा : आधी संगणकातली रांग पुसावी, मग प्रिंटर बंद करून चालू करावा. आम्ही 'कॅन्सल -ए' ही आज्ञा दिली. चौदाही कामे गेली. प्रिंटर बंद-चालू केला. 'तयार'.

काही संगणकांवर एखादे काम फसले की रांगच थांबवून ठेवलेली असते आणि 'एलपीस्टॅट'च्या उत्तरात ती अक्षम केलेली दिसते. तेव्हा 'कप्सएनेबल' आणि पुढे प्रिंटरचे नाव अशी आज्ञा द्यावी लागते. आमची रांग थांबवलेली नव्हती, नुसती तुंबली होती.

आता दुसरा घाव. रांग आणि रूपांतर हे दोन्ही दुवे टाळून केबलवर थेट अक्षरे सोडायची. लिनक्समध्ये बंदरालाही फाइलसारखे नाव असते. समांतर बंदराचे नाव 'डेव्ह' या कप्प्यातले 'एलपी०'. 'एको' ही आज्ञा दिलेला मजकूर जशास तसा बाहेर काढते आणि '>' हे चिन्ह तो कुठे टाकायचा ते सांगते. (त्यासाठी मुख्य वापरकर्त्याचे किंवा 'एलपी' गटाचे अधिकार लागतात, नाहीतर 'परवानगी नाही' असे उत्तर येते. रांगेत एखादे काम चालू असेल तर 'बंदर व्यग्र आहे' असे येते. दोन्ही उत्तरे बिघाडाची नव्हेत.) आम्ही तीन नद्यांची नावे रोमन अक्षरांत, तीन ओळींत पाठवली. आज्ञा गेली, संगणकाने तक्रार केली नाही, आणि प्रिंटर गप्प. फक्त एक दिवा लुकलुकू लागला.

"केबल तुटली असेल," एक मुलगी म्हणाली. दुसरी म्हणाली, "मग दिवा का लुकलुकतोय?" प्रश्न चांगला होता.

याचे उत्तर लेसर प्रिंटरच्या रचनेत आहे. जुना टाचण्यांचा प्रिंटर ओळीओळीने छापतो. मध्ये थांबला तरी बिघडत नाही. लेसर प्रिंटरमध्ये प्रकाशसंवेदी ढोल एकसारख्या वेगाने फिरतो. त्याच्यावर विद्युतभार दिलेला असतो; लेसरचा किरण जेथे पडतो तेथला भार उतरतो, तेथे भुकटी चिकटते, ती कागदावर उतरते आणि सुमारे २०० अंश सेल्सियस तापलेल्या रुळाखाली वितळून पक्की होते. (म्हणूनच नुकत्याच चाललेल्या लेसर प्रिंटरच्या आत हात घालू नये.) कागद निघाला की निघाला. अर्ध्यावर थांबून 'पुढची ओळ कुठे आहे?' असे विचारण्याची सोय नाही. म्हणून प्रिंटर आधी संपूर्ण पान आपल्या स्मृतीत जमवतो आणि पान पूर्ण झाल्याची खात्री पटली तरच ढोल फिरवतो. आम्ही पाठवल्या होत्या तीन ओळी. पान भरले नव्हते आणि संपल्याचेही कोणी सांगितले नव्हते. लुकलुकणारा दिवा म्हणत होता, 'माझ्याकडे मजकूर आहे, पुढचे सांगा.'

पान संपले हे सांगणारे एक अक्षर आस्की या संकेतमालेत आहे : क्रमांक १२. कागदावर त्याला रूप नाही, ती एक खूण आहे. 'प्रिंटएफ' या आज्ञेने आम्ही ते एकच अक्षर केबलवर सोडले. लगेच घरघर सुरू झाली आणि पान बाहेर आले. आठ दुव्यांपैकी बंदर, केबल आणि प्रिंटर यांची एकत्र परीक्षा झाली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. पण पानावरचा मजकूर असा होता :

गोदावरी
       भीमा
           कृष्णा

(पानावर अर्थात रोमन अक्षरे होती.) दुसरी ओळ पहिली जेथे संपली तेथून सुरू, तिसरी दुसरीच्या टोकापासून. जिन्याच्या पायऱ्या उतरत गेल्यासारख्या ओळी. हा नवा बिघाड वाटेल, पण नाही. याच्यामागे दूरमुद्रकाचा, म्हणजे टेलिप्रिंटरचा इतिहास आहे.

दूरमुद्रकात नवी ओळ सुरू करायला दोन निराळ्या हालचाली लागत : छापणारी गाडी डावीकडे परत नेणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे. म्हणून आस्कीत दोन निराळी अक्षरे आहेत : १३ म्हणजे गाडी परत, १० म्हणजे कागद वर. १९६३ मध्ये आलेला प्रसिद्ध 'मॉडेल ३३' दूरमुद्रक सेकंदाला दहा अक्षरे छापी. उजव्या टोकाहून गाडी परत यायला एका अक्षराचा वेळ पुरत नसे. म्हणून १३ आधी पाठवत आणि मग १०, म्हणजे गाडी पोचेपर्यंत कागद सरकवण्याचे काम उरकून जाई. पुढे युनिक्स प्रणालीच्या कर्त्यांनी ठरवले की फाइलमध्ये ओळीच्या शेवटी १० हे एकच अक्षर ठेवू. १३ लागेल तेथे प्रणाली आपण होऊन घालील. लिनक्सने तीच रीत उचलली. डॉस आणि त्यातून आलेल्या विंडोजने मात्र १३ आणि १० दोन्ही ठेवले. लिनक्सच्या पडद्यावर ओळी नीट दिसतात, कारण पडद्याकडे जाताना १३ मध्ये घातला जातो. आम्ही थेट बंदरावर अक्षरे सोडली. तेथे घालणारे कोणी नव्हते. प्रिंटरने सांगितले तेवढेच केले : कागद वर सरकवला, गाडी परत नेली नाही. लेसर प्रिंटरमध्ये गाडी नसतेच, पण १९६३ ची शिस्त त्याने अजून सोडलेली नाही!

'तू १० मिळाला की १३ आपणच धर' असेही या प्रिंटरला सांगता येते. त्यासाठी त्याची भाषा यावी लागते. आमचा प्रिंटर पीसीएल ही भाषा जाणणारा होता. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९८४ मध्ये आपला पहिला लेसरजेट प्रिंटर काढला, तेव्हापासून ही भाषा लेसर प्रिंटरांत रूढ झाली आणि पुढे इतर अनेक कंपन्यांनीही ती स्वीकारली. तिच्यातली बहुतेक आज्ञा क्रमांक २७ च्या अक्षराने सुरू होते. त्याला 'एस्केप' म्हणतात; 'आता येते ते छापू नको, ऐक' असा त्याचा अर्थ. २७ आणि ६९ (मोठा ई) म्हणजे 'सर्व विसरून पहिल्यासारखा हो'. २७, ३८, १०७, ५०, ७१ म्हणजे 'प्रत्येक १० ला १३ जोड'. ही पाच अक्षरे आधी पाठवून तीच तीन नावे पुन्हा पाठवली. या वेळी नद्या एकाखाली एक, समासाला धरून उभ्या.

आता दोष संगणकातल्या पहिल्या तीन दुव्यांत असणार हे उघड झाले. त्याच रांगेतून आम्ही एक छोटी इंग्रजी फाइल 'एलपी' या आज्ञेने पाठवली. प्रिंटर क्षणभर घुटमळला आणि अक्षरपट्टीवर परत तेच : 'पीसी लोड लेटर'.

थेट पाठवले तर छापतो, रांगेतून पाठवले तर अडतो. मग रांग असे काय जास्त पाठवते? मुलीने वही उघडली : कागद – ए४. आणि मग तिच्या लक्षात आले, की 'लेटर' हे कागदाच्या मापाचे नाव आहे! अमेरिकेत कार्यालयीन कागद २१६ मिलिमीटर रुंद आणि २७९ मिलिमीटर लांब असतो, त्याला लेटर म्हणतात. आपला ए४ २१० बाय २९७. म्हणजे लेटर सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड. आणि 'पीसी'? या पट्टीवर पीसी म्हणजे पेपर कॅसेट, कागदाचा ट्रे. 'ट्रेमध्ये लेटर मापाचा कागद घाला' एवढेच तो बिचारा सकाळपासून सांगत होता. ट्रेमध्ये कोणत्या मापाचा कागद आहे हे त्याला ट्रेच्या कडेच्या उंचवट्यांवरून कळते. ते आत गेल्यावर छोटी बटणे दाबतात. मागणी लेटरची, ट्रे ए४ चा. मग 'थांब, मी कामात आहे'ची तार उंचावून तो वाट पाहत बसला, संगणकही वाट पाहत बसला, आणि मागे दाखल्यांच्या चौदा प्रतींची रांग लागली. यंत्रात कोठेही बिघाड नव्हता.

'एलपीऑप्शन्स -एल' ही आज्ञा रांगेच्या सर्व निवडी दाखवते. चालू निवडीपुढे तारका असते. पानाच्या मापाच्या ओळीत तारका लेटरपुढेच होती. ती रांग मे महिन्यात मीच बसवली होती, हे येथे कबूल करायला हवे. कागदाचे माप मी पाहिले नाही. तेव्हा चाचणी म्हणून प्रिंटरचे स्वतःचेच पान बटणाने छापून पाहिले आणि समाधान मानले. म्हणजे साखळीचा अर्धाच भाग तपासला, आणि दोष होता दुसऱ्या अर्ध्यात! 'एलपीॲडमिन' या आज्ञेने रांगेचे माप ए४ केले, छोटी फाइल पुन्हा पाठवली, पान आले.

भाऊसाहेबांनी घाईने दाखला पाठवला. अर्धा दाखला आला, अर्धा दुसऱ्या पानावर, आणि पट्टीवर '२०' हा आकडा व स्मृती ओसंडल्याची सूचना. एकाच जागी दोष असेल तरच तीन चाचण्या पुरतात असे मी म्हटले होते ते यासाठी. दुसरी अडचण पहिलीच्या मागे लपली होती.

ती समजायला दाखल्याची भाषा लक्षात घ्या. इंग्रजी फाइल छापताना संगणक प्रिंटरला अक्षरांचे क्रमांक पाठवतो आणि अक्षराची आकृती प्रिंटरच्या स्वतःच्या संग्रहातून येते. तीन हजार अक्षरांचे पान म्हणजे सुमारे तीन हजार बाइट. १९८४ च्या पहिल्या लेसरजेटची स्मृती १२८ किलोबाइट होती, तरी तो मिनिटाला आठ पाने छापू शके, ते यामुळेच. पण दाखला मराठीत. या प्रिंटरच्या संग्रहात नागरी अक्षरे नाहीत. मुलींना दाखवण्यासाठी आम्ही 'क' हे एक अक्षर थेट केबलवर सोडून पाहिले. कागदावर तीन असंबद्ध युरोपीय चिन्हे आली. हा प्रयोग प्रिंटरशिवायही करता येतो. लिनक्स असलेल्या कोणत्याही संगणकावर 'एको'ने 'क' काढून तो '|' या उभ्या रेघेतून 'ओडी -टीयू१' या आज्ञेला द्या. उत्तर येते : २२४ १६४ १४९ १०. पहिले तीन आकडे म्हणजे आपला 'क'. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक नागरी अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात. शेवटचा १० तुमच्या ओळखीचा आहेच. 'क्ष'साठी तर क, हलन्त आणि ष मिळून नऊ बाइट होतात, आणि ते तीन चिन्हांचे एकच जोडाक्षर काढायचे हे ज्ञानही लागते. जुन्या प्रिंटरजवळ ते नाही.

म्हणून मराठी पान संगणक स्वतःच रंगवतो आणि प्रिंटरला अक्षरे न पाठवता ठिपक्यांचे चित्र पाठवतो. रांग इंचाला ६०० ठिपके या सूक्ष्मतेवर बसवलेली होती. हिशोब मुलींनी केला. ए४ पानावर आडवे सुमारे ४,९६० आणि उभे ७,०१६ ठिपके, गुणाकार ३,४७,९९,३६०. काळा किंवा पांढरा एवढेच सांगायचे, म्हणून एका बाइटमध्ये आठ ठिपके मावतात : ४३,४९,९२० बाइट, म्हणजे चार मेगाबाइटहून अधिक. प्रिंटरची स्मृती दोन मेगाबाइट. पान पांढरे असेल तर आकुंचनाने बरेच लहान होते. पण आमच्या दाखल्याला नक्षीची चौकट आणि मागे शाळेच्या बोधचिन्हाची फिकट छटा. अशी छटा म्हणजे विखुरलेल्या ठिपक्यांचा समूह, तो फारसा आकुंचन पावत नाही. इंचाला ३०० ठिपके केले तर? दोन्ही दिशांना निम्मे, म्हणून एकूण चतुर्थांश : ८६,९९,८४० ठिपके, १०,८७,४८० बाइट. दोन मेगाबाइटमध्ये आरामात मावते.

सूक्ष्मता ३०० केली. दाखला आला. अक्षरांच्या कडा भिंगाखाली किंचित दातेरी दिसतात. नुसत्या डोळ्यांना फरक जाणवत नाही. तीन वाजेपर्यंत बासष्ट दाखले छापून झाले आणि व्हरांडा मोकळा झाला.

शिक्षकांसाठी एक इशारा. रांग बसवताना प्रिंटरची भाषा चुकीची निवडली, तर अडण्याच्या नेमके उलट संकट येते. पोस्टस्क्रिप्ट ही दुसरी भाषा पीसीएल प्रिंटरकडे गेली, तर तो ती आज्ञावलीच मजकूर समजून छापू लागतो. पहिल्या ओळीत टक्केवारीचे आणि उद्गाराचे चिन्ह दिसले, की समजा काय झाले आहे. पुढे शंभर पानेही निघू शकतात. अशा वेळी धावत जाऊन प्रिंटर बंद करू नका. ट्रे ओढून कागद थांबवा, संगणकावर 'कॅन्सल -ए' द्या, आणि मगच प्रिंटरचे बटण दाबा.

पायऱ्यांसारख्या नद्यांचे पान मुलींनी प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावले आहे. प्रिंटरच्या झाकणावर आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. भाऊसाहेबांनी ती स्वतःच्या अक्षरात लिहिली : 'लेटर = कागदाचे माप. पत्र नव्हे. आज्ञा एकदाच द्यावी.'